दमट हवेतला ड्रॅगन ट्री : पाणी कमी, उजेड जास्त

मुंबई, ठाणे, अलिबाग, रत्नागिरी, पणजी या पट्ट्यात घरात ठेवलेला ड्रॅगन ट्री तहानेने सहसा मरत नाही. तो कुजून मरतो. नर्सरीतून आणलेले चार फुटी, ताठ झाड पहिला उन्हाळा मजेत काढते. मग ऑगस्टमध्ये त्याची खालची पाने भराभर पिवळी पडू लागतात. घरातले कुणीतरी म्हणते, ‘पाणी कमी पडतंय वाटतं,’ आणि आणखी एक तांब्या कुंडीत जातो. आधीच बुडत असलेल्या मुळांवर तो शेवटचा घाव ठरतो.

या गैरसमजाला एक कारण आहे. घरातल्या झाडांविषयीचा बराचसा छापील सल्ला युरोप-अमेरिकेतल्या घरांसाठी लिहिलेला असतो. तिथे हिवाळ्यात हीटर चालतो, खोलीतली हवा कोरडी पडते, म्हणून पानांवर रोज पाण्याचा फवारा मारा, कुंडीखाली ओल्या खड्यांची ताटली ठेवा, असे सांगितले जाते. आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्यात हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते आणि एकट्या जुलैत मुंबईत सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. इथे तोच सल्ला उलटतो. हवेतच इतके पाणी असताना कुंडीत ते जपून घालावे लागते. पुढचे सगळे मार्गदर्शन याच एका गोष्टीभोवती आहे.

नेमके कोणते झाड?

आपल्याकडच्या नर्सऱ्यांत ‘ड्रॅगन ट्री’ म्हणून मिळते ते बहुतेक वेळा ड्रेसिना मार्जिनाटा. नर्सरीवाले त्याला नुसते ‘मार्जिनाटा’ म्हणतात. राखाडी, सडपातळ खोड, त्यावर गळून गेलेल्या पानांचे शंकरपाळ्याच्या आकाराचे वण आणि टोकाला लालसर कडांच्या अरुंद पानांचा झुबका ही त्याची ओळख. मूळचे ते मादागास्कर आणि हिंदी महासागरातल्या जवळच्या बेटांवरचे. त्याच्या ‘ट्रायकलर’ जातीच्या पानांवर पिवळट आणि गुलाबी पट्टे असतात.

रुंद पानांचा ड्रेसिना फ्रॅग्रन्स आणि दुकानांत पाण्यात उभा करून विकतात तो ‘लकी बांबू’ हे याच प्रजातीतले. लकी बांबूचा बांबूशी काही संबंध नाही. अलीकडच्या वर्गीकरणात स्नेक प्लांटही ड्रेसिनातच धरतात, आणि आपली शतावरी याच कुळातली. या लेखातल्या बऱ्याचशा सूचना मार्जिनाटाबरोबर फ्रॅग्रन्सलाही लागू पडतात.

कॅनरी बेटांवरचा ड्रेसिना ड्रॅको आणि येमेनच्या सोकोत्रा बेटावरचा छत्रीसारखा पसरणारा वृक्ष, ज्यांच्या खोडातून रक्तासारखी लाल राळ येते, ती झाडे वेगळी. ती कोरड्या हवेची, भरपूर उन्हाची आहेत. दमट फ्लॅटमध्ये त्यांचा हट्ट धरू नये.

जागा : आधी उजेड बघा

‘कमी उजेडात चालणारे झाड’ म्हणून मार्जिनाटा विकला जातो. तो अंधारात तगतो, हे खरे. पण तगणे आणि वाढणे यांत फरक आहे. कमी उजेडात नवी पाने अरुंद आणि लुळी येतात, ‘ट्रायकलर’चे रंग फिके पडतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उजेड कमी असला की झाड पाणी कमी ओढते आणि माती ओलीच राहते. दमट हवेत कुजण्याची सुरुवात पुष्कळदा अंधाऱ्या कोपऱ्यातून होते.

साधी कसोटी अशी : भर दुपारी दिवा न लावता त्या जागी बसून वर्तमानपत्र सहज वाचता आले पाहिजे. पूर्वेची खिडकी सर्वांत उत्तम, कारण सकाळचे कोवळे ऊन या झाडाला मानवते. उत्तरेच्या खिडकीलगतही ते चांगले राहते. पश्चिमेच्या खिडकीत मात्र एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या दुपारी पाने भाजतात आणि त्यांवर वाळक्या गवताच्या रंगाचे चट्टे पडतात. तिथे पातळ पडदा हवा किंवा कुंडी तीन-चार फूट आत सरकवायला हवी.

खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंडी ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पाऊस आत येत असेल, तर जून ते सप्टेंबर ही जागा या झाडासाठी बाद समजा. एसीचा झोत थेट पानांवर येणारी जागाही टाळा. गार, कोरड्या वाऱ्याने पानांची टोके वाळतात. १८ ते ३० अंशांच्या दरम्यान झाड सुखात असते, म्हणजे किनारपट्टीवर तापमानाची चिंता जवळपास नाहीच. दर पंधरा दिवसांनी कुंडीला पाव फेरी द्या, नाहीतर झाड उजेडाकडे कलते.

माती आणि कुंडी

नर्सरीतून आलेल्या झाडाच्या मुळांभोवती पुष्कळदा चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. उघड्यावर, वाऱ्याउन्हात ती माती वाळते. घरात ती आठवडेच्या आठवडे ओली राहते. म्हणून झाड घरात रुळायला दोन-तीन आठवडे द्या आणि पावसाळा लांब असेल, तर त्याची माती बदला. जुना गोळा हाताने हलके मोकळा करायचा, मुळे ओरबाडायची नाहीत.

मिश्रण असे करता येईल : दोन भाग तांबडी माती, दोन भाग जाड रेती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत. कोकणात भाताचे तूस सहज मिळते. रेतीतला अर्धा भाग त्याचा घेतला तरी चालतो. रेती नदीची आणि चाळून बारीक कण काढलेली असावी. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असते. कोकोपीटही दोनदा पाण्यातून काढून पिळून घ्या. त्याचे प्रमाण वाढवण्याचा मोह आवरा. ते पाणी धरून ठेवते आणि आपल्याला नेमके तेच नको आहे. तयार मिश्रण मुठीत दाबून मूठ उघडली की ते सुटून पडले पाहिजे.

कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर दिला की निचरा सुधारतो, हा समज घरोघरी आहे. प्रत्यक्षात पाणी बारीक मातीतून मोठ्या तुकड्यांत सहज उतरत नाही. ते थराच्या वर, मातीतच अडून राहते. म्हणजे ओली माती उलट मुळांच्या जवळ येते. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवला की पुरे. पूर्ण कुंडीभर भुसभुशीत माती हाच खरा निचरा.

मातीची कुंडी दमट हवेत फायद्याची, कारण तिच्या भिंतीतूनही ओल निघून जाते. प्लास्टिकची चालते, पण तळाला चार-पाच भोके हवीत. आकार मुळांपेक्षा जेमतेम दोन इंच मोठा घ्या. मोठ्या कुंडीत झाड लवकर वाढेल म्हणून आठ इंचांतून थेट चौदा इंचांत लावले, तर मुळे पोचत नाहीत तिथली माती सतत ओली राहून आंबते. दर दोन वर्षांनी, किंवा मुळे तळाच्या भोकांतून डोकावू लागली की, एक आकार मोठी कुंडी द्या. हे काम मार्च ते मे महिन्यांत करा. जुलै-ऑगस्टमध्ये मुळांना हात लावू नका.

पाणी : वार ठरवू नका

‘दर बुधवारी आणि रविवारी पाणी’ हा नियम या झाडाला घातक आहे. माती वाळली की पाणी, एवढाच नियम. ते ओळखायला अगरबत्तीची उरलेली काडी उत्तम. ती खोडापासून थोडी दूर, तीन इंच आत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. काडी गार लागली किंवा तिला माती चिकटली, तर थांबा. कोरडी निघाली तर पाणी द्या. दुसरी खूण वजनाची. पाणी दिल्यावर कुंडी एकदा उचलून बघा आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा उचला; महिन्याभरात हाताला अंदाज येतो.

द्यायचे तेव्हा पोटभर द्या. तळाच्या भोकांतून पाणी येईपर्यंत सावकाश घाला आणि ताटलीत जमलेले पाणी पंधरा-वीस मिनिटांत ओतून टाका. रोज अर्धा पेला देण्याची सवय वाईट. त्याने वरची माती सदा ओली राहते आणि साचलेले क्षार धुऊन जात नाहीत. पाणी मातीत घाला, पानांच्या झुबक्यात नको.

किनारपट्टीवर ढोबळ अंतर असे पडते : मार्च ते मे आठवड्यातून एकदा, ऑक्टोबरातही तसेच, नोव्हेंबर ते फेब्रुवारी आठ-दहा दिवसांनी आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, कधी तीन आठवड्यांनीही. हे आकडे अंदाजासाठी आहेत, निकाल काडीचाच.

कोणते पाणी, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. ड्रेसिनाला फ्लोराइड आणि क्षार सोसत नाहीत. पानांची टोके आणि कडा तपकिरी होतात. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवले की त्यातला मोकळा क्लोरिन कमी होतो, फ्लोराइड मात्र तसाच राहतो. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या वाचकांनी बोअरचे पाणी या झाडाला घालू नये. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत ते झाडांना घालतात. हेतू चांगला, पण त्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरा. ड्रेसिनाला पावसाचे साठवलेले पाणी किंवा एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी चालते. त्यांत क्षार जवळपास नसतात.

पावसाळ्याचे चार महिने

पाने पाणी बाहेर टाकतात ती कोरड्या हवेत. हवाच ओलीने भरली की हे काम मंदावते आणि मुळांचे पाणी ओढणेही. त्यात आभाळ भरलेले, म्हणजे उजेड कमी. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी करा : कुंडी खिडकीजवळ सरकवा, मातीवर खडे किंवा शेवाळ पसरले असेल ते काढा आणि खत बंद करा. खोलीत हवा खेळती ठेवा; दिवसातून काही तास पंखा चालू असला तरी फरक पडतो.

पानांवर फवारा मारणे पूर्ण थांबवा. मार्जिनाटाच्या झुबक्यात कोवळी पाने जिथून फुटतात तिथे पाणी साचून राहिले, तर फ्युजेरियम बुरशी लागते. कोवळ्या पानांच्या बुडाशी पिवळ्या वलयातले लालसर-तपकिरी ठिपके दिसले, तर ती हीच. असे पान काढून टाका आणि शेंडा कोरडा ठेवा. एवढ्याने ती बहुतेकदा आटोक्यात येते.

मातीवर पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका. ती मातीतल्या कुजक्या पाल्यावर जगते, झाडाला खात नाही. पण माती फार काळ ओली आहे, हा तिचा निरोप आहे. वरचा अर्धा इंच थर खरवडून काढा आणि पाण्याचे अंतर वाढवा. बारीक काळी चिलटे उडू लागली, तरी उपाय तोच. सोबत शेतकरी वापरतात तसला छोटा पिवळा चिकट सापळा कुंडीत खोचा.

पाऊस सरला की ऑक्टोबरचे ऊन एकदम कडक येते. खिडकीजवळ सरकवलेली कुंडी तेव्हा आठवणीने मागे घ्या.

पाने काय सांगतात?

सर्वांत खालची एक-दोन पाने पिवळी होऊन गळणे हा झाडाचा स्वभाव आहे. खोड उंच होते ते असेच. पण एका आठवड्यात सात-आठ पाने पिवळी पडली, ती लुळी झाली आणि मातीला आंबूस वास येऊ लागला, तर मुळे कुजत आहेत.

नुसती टोके तपकिरी असतील, तर पाण्यातले क्षार, खताचा अतिरेक किंवा एसीचा झोत यांतले एक कारण धरा. वाळलेले टोक कात्रीने पानाच्याच निमुळत्या आकारात कापता येते. कापताना तपकिरी भागाची बारीक रेघ शिल्लक ठेवा. हिरव्या भागाला कात्री लागली, तर ती कड पुन्हा वाळते.

पानांवर धूळ बसली तर ओल्या फडक्याने, बुडापासून टोकाकडे पुसा. खोबरेल तेल, दूध किंवा चकाकीचे फवारे नकोत.

कुजलेले झाड वाचवताना

झाड कुंडीतून काढा आणि मुळे धुऊन बघा. निरोगी ड्रेसिनाची मुळे नारिंगी आणि टणक असतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो रंगच रोग वाटतो आणि चांगली मुळे छाटली जातात. कुजलेली मुळे काळपट-तपकिरी, बुळबुळीत असतात; बोटाने ओढले की साल निसटून हातात येते आणि आत बारीक धागा उरतो. तेवढीच मुळे स्वच्छ कात्रीने काढा. उरलेल्या मुळांच्या मापाची, म्हणजे बहुधा आधीपेक्षा लहान कुंडी घ्या, नवे कोरडे मिश्रण भरा आणि चार-पाच दिवस पाणी देऊ नका. खत तर दोन महिने नकोच.

खोडाचे बूड दाबून बघा. ते मऊ लागले, तर खालचा भाग गेला. टणक लागते त्याच्या वर दोन इंचांवर खोड कापा आणि वरचा भाग नव्याने रुजवा.

छाटणी आणि नवी रोपे

झाड फार उंच, उघडेबोडके झाले, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये खोड हव्या त्या उंचीवर बेधडक कापा. कापल्या जागेच्या खालून काही आठवड्यांत एक-दोन, कधी अधिक फुटवे येतात आणि झाड डेरेदार होते. कापलेल्या तोंडावर मेणबत्तीचे मेण लावले की ओल आत शिरत नाही.

कापलेला शेंडा फेकू नका. खालची पाने काढून एक दिवस सावलीत ठेवा, जखम सुकली की ओलसर रेतीत लावा. खोडाचे पाच-सहा इंची तुकडेही रुजतात. फक्त वरचे टोक वरच राहिले पाहिजे, म्हणून कापतानाच खूण करा. उबदार हवेत महिना-दीड महिन्यात मुळे धरतात.

खताची भूक या झाडाला थोडी. मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात महिन्यातून एकदा, संतुलित विद्राव्य खत पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्मे पुरते. किंवा दोन महिन्यांतून मूठभर गांडूळखत. सिंगल सुपर फॉस्फेट टाळा, त्यात फ्लोराइड असते. पेंड भिजवलेले पाणी घरात नको. वासाबरोबर चिलटेही येतात.

कीड

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने एकेक टिपून काढा. उन्हाळ्यात किंवा सतत एसी असलेल्या खोलीत पानांवर बारीक फिकट ठिपके आणि विरळ जाळी दिसली, तर लाल कोळी. पाने दोन्ही बाजूंनी पाण्याने धुवा. दोन्हींवर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि द्रवरूप साबणाचे काही थेंब मिसळून, दर आठवड्याला एकदा असे तीन वेळा पुसून घ्या. पावसाळ्यात हे मिश्रण फवारू नका. फडक्याने लावा, म्हणजे शेंडा कोरडा राहतो.

आणखी तीन गोष्टी

घरात मांजर किंवा कुत्रा असेल, तर झाड त्यांच्या तोंडापासून दूर ठेवा. ड्रेसिनाच्या पानांत सॅपोनिन असतात. पाने चघळली तर उलट्या होतात, लाळ गळते, मांजरांच्या बाहुल्या विस्फारतात. असे दिसले, तर पशुवैद्याकडे जा.

दुसरी गोष्ट ताटलीची. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी घरात येऊन कुंड्यांखालच्या ताटल्या आणि लकी बांबूचे पाणी तपासतात, ते याचसाठी. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटून कोरडीही तग धरतात. ताटली आठवड्यातून एकदा घासा.

तिसरी गोष्ट ‘हवा शुद्ध करणारे झाड’ या पाटीची. १९८९ साली नासाने केलेल्या प्रयोगात मार्जिनाटा होता, हे खरे; पण तो प्रयोग छोट्या बंद पेट्यांत झाला होता. २०१९ साली अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा उघड्या खिडकीइतके काम करायला दर चौरस मीटरला किमान १० आणि कमाल १००० झाडे लागतील, असा हिशेब निघाला. शुद्ध हवेसाठी खिडकी उघडा. ड्रॅगन ट्री त्याच्या रूपासाठी ठेवा.

हे झाड सावकाश वाढते आणि रोजची देखभाल मागत नाही. नव्याने आणणार असाल, तर ते दिवाळीनंतर आणा, म्हणजे पहिल्या पावसाळ्याआधी त्याला रुळायला सहा महिने मिळतील. आणि पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधी दर वेळी काडी खुपसून बघा.